बंदूक, दुर्बीण आणि नोंदवही

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की नाशिककरांना निफाडच्या वाटेची आठवण होते. ही वाट द्राक्षांच्या मळ्यांतून आणि उसाच्या फडांतून गोदावरीच्या काठाला जाते. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी ही इथली गावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ पाणी पसरट होऊन थांबलेले असते. त्या पाण्यावर हिवाळाभर जी दाटी होते, ती पाहायला माणसे मुलाबाळांना घेऊन येतात. तलवार बदके, थापटे, चक्रवाक हे लांबून आलेले पाहुणे. हळदी-कुंकू बदके आणि शेकाटे घरचे. काळे वारकरी तर इतके, की पाण्यावर दिंडी उतरली आहे असे वाटावे. हे नांदूर मधमेश्वर. महाराष्ट्रातल्या या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत सर्वांत आधी स्थान मिळाले, त्याची घोषणा २०२० साली झाली.

गंमत अशी, की हे पाणी पक्ष्यांसाठी अडवलेले नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९११च्या सुमारास, इंग्रज सरकारने इथे बंधारा घातला तो कालव्यांसाठी. दुष्काळाने पिचलेल्या मुलखाला पाणी द्यायचे, ऊस पिकवायचा, सारा वसूल करायचा, असा तो सरळ हिशेब होता. पण नदी आपल्याबरोबर गाळ आणते. बंधाऱ्याच्या पाठीमागे तो गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे वर आली, त्यांवर लव्हाळे आणि पाणगवत माजले. इंजिनिअरच्या दृष्टीने ही खोट. बदकांच्या दृष्टीने मात्र पंगतच मांडली गेली होती. पाण्यात डोके खाली आणि शेपूट वर करून खाणाऱ्या बदकांना वीत-दीड वीत पाणीच लागते. खोल धरणाच्या निळ्या पाण्यात त्यांचे पोट भरत नाही.

या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात, आणि ही उपमा डॉ. सलीम अली यांनी दिली असे इकडे आवर्जून सांगितले जाते. त्या उपमेत केवळ पक्ष्यांच्या गर्दीचे साम्य नाही. भरतपूरचे पाणीही माणसाने अडवलेले, आणि तेही पक्ष्यांच्या प्रेमापोटी नव्हे. तिथे तर ते पक्षी मारण्यासाठी अडवले होते. सलीम अलींचे आयुष्यही असेच बंदुकीपासून सुरू झाले. त्यांच्या नव्वद वर्षांचा हा हिशेब म्हणूनच मांडून पाहण्यासारखा आहे. त्यात जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. आणि एक खर्चाची नोंदही आहे, जी त्यांच्याच संस्थेने पुढे प्रामाणिकपणे लिहिली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा, मुंबईतला. भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाचरांना खेतवाडीतल्या घरात वाढवले. तय्यबजी हे मुंबईतले नामांकित घराणे. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी आणि पुढे गांधीजींचे सहकारी झालेले अब्बास तय्यबजी याच घराण्यातले. मामांना शिकारीचा षौक होता. घरात बंदुका होत्या, सुटीत रानात मुक्काम पडत आणि मुलांमध्ये नेमबाजीच्या चढाओढी लागत. या खेळगड्यांत दूरच्या नात्यातला एक इस्कंदर मिर्झा होता, नेम धरण्यात पटाईत. तो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

सलीमला मामांनी छऱ्याची खेळण्यातली बंदूक दिली. त्या काळच्या मुलाने ती घेऊन काय करायचे, तर चिमण्या मारायच्या. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही रोजची घरातली चिमणी नव्हे. मामांना विचारले, त्यांनाही सांगता येईना. मात्र मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीच्या कचेरीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद चिटणीस तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड होते. धंदा मद्याच्या पेढीचा आणि जीव झाडापक्ष्यांत, असा हा साहेब. त्याने भेदरलेल्या पोराला हाकलले नाही. चिमणी ओळखून दिली, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी कशी सोलायची आणि टिकवायची हे शिकवण्याची सोय केली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्यातली एक बाजू मात्र सांगायची राहून जाते. तो मुलगा त्या दिवशी शिकार सोडून आला नाही. बंदुकीने पाडलेल्या पक्ष्याविषयी प्रश्न विचारता येतो आणि उत्तर लिहून ठेवता येते, एवढे तो शिकला. त्याची पक्ष्यांची नोंदवही त्याच काळात सुरू झाली.

पुढची वीस वर्षे म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या वडीलधाऱ्यांना घोर लावणारी. १९१३ साली मॅट्रिक झाले, सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले. पण गणित मानवेना. एका वर्षात कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तवॉय इथे घरच्या धंद्यात हातभार लावायला गेले. धंदा टंग्स्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा. रान इतके दाट आणि पक्षी इतके नवे, की धंद्यावर चित्त ठरणे अवघडच. परत येऊन दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले. त्याच सुमारास झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राचे धडेही गिरवले. डिसेंबर १९१८मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झाले. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा तोटा, पुन्हा मुंबई. मी उभी हयात बँकेत खतावण्या चाळण्यात घालवली. या माणसाने हिशेब शिकून धंदा बुडवला याचे मला नवल वाटत नाही, असे अनेक पाहिले. नवल याचे, की तो हिशेब त्याने पक्ष्यांच्या कामी लावला. कोणता पक्षी, कुठे, किती, कोणत्या तारखेला, पोटात काय सापडले, घरट्यात अंडी किती. रोजची नोंद रोज. शिल्लक जुळल्याखेरीज पान उलटायचे नाही.

१९२६ साली त्यांना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरी मिळाली. पगार महिना साडेतीनशे. दोन वर्षांत त्यांना कळले, की आपले ज्ञान हौशी आहे. रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले. पदवी नसलेल्या या हिंदी विद्यार्थ्याला त्या जर्मन पंडिताने जवळ केले. अलींनी त्यांना आयुष्यभर गुरू मानले. १९३० साली ते शिकून परत आले, तर म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली!

हातात जर्मनीतले शिक्षण आणि खिशात काही नाही, अशा अवस्थेत हे जोडपे अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. पावसाळा सुरू झाला. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. अलींनी शिडी लावून वर आडोसा केला आणि त्यात तासन् तास बसून राहिले. बहिणाबाईंमुळे सुगरणीचा खोपा आपल्या घराघरांत पोचला आहे. पण खोपा विणणारी ‘ती’ नसून ‘तो’ असतो. नर अर्धा खोपा विणतो. मादी येते, आत-बाहेर फिरून पारखते आणि पसंत पडला तर मुक्काम टाकते. मग नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. या बहुपत्नीक संसाराचा तपशील अलींनी १९३१ साली प्रसिद्ध केला, आणि पक्षीशास्त्राच्या जगात त्यांचे नाव झाले. बेकारीतल्या एका पावसाळ्याची ही मिळकत.

नोकरी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, मेहनताना नको, फक्त खर्च द्या. हैदराबादच्या निजामाचे राज्य पहिले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. मग त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर-इंदूर, पुढे म्हैसूर, कच्छ. बैलगाडी, तंबू, कंदील आणि बंदूक असा हा संसार. तेहमिना विलायतेत शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्यांनी ही भटकंती हसतमुखाने केली, तळाची व्यवस्था सांभाळली, नवऱ्याच्या इंग्रजी लेखनाला वळण दिले. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी ते राहिले आणि कामात बुडून गेले. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली निघाले. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा असलेल्या या पुस्तकाने सामान्य माणसाच्या हाती प्रथमच पक्ष्यांची ओळख दिली.

या सगळ्या पाहण्यांत अलींची बंदूक चालूच होती, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पक्षी नीट ओळखायचा, त्याच्या जातीचे पोटभेद लावायचे, तर तो हातात घ्यावा लागे. त्या काळच्या शास्त्राला दुसरी वाट नव्हती. आपण अहिंसेच्या भावनेने पक्ष्यांकडे वळलो, असे सोंग त्यांनी कधी आणले नाही. मर्यादेत केलेल्या शिकारीला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो बेसुमार कत्तलीला आणि पक्ष्यांचे घर मोडण्याला. मारलेला पक्षी पुढच्या वर्षी भरून निघतो, पण तळे बुजवले तर भरून काय निघणार?

आता भरतपूर. आग्र्याच्या पश्चिमेला, राजस्थानच्या कडेला ही सखल जमीन आहे. पावसाळ्यात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी इथे पसरायचे. अठराव्या शतकात जाट राजा सूरजमल याच्या काळात अजान बांध घातला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी यांनी इथल्या शिकारीची घडी बसवली. विलायतेतली बदकांची शिकार पाहून आलेला हा माणूस होता. त्यांनी मैदानात आडवे-उभे बांध घातले, चर खणले, दरवाजे बसवले. अजान बांधातले पाणी हवे त्या खणात, हवे तेवढे सोडता येऊ लागले. बांधांवरून रस्ते झाले, शिकाऱ्यांना दबून बसायला आडोसे झाले. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते या शिकारगाहाचे उद्घाटन झाले. मध्ये केवलादेवाचे शंकराचे देऊळ आणि भोवती घना, म्हणजे दाट झाडी.

पाणी राखण्याची ही विद्या साधी नाही. पाणी एकदम खोल भरले तर तळाची वनस्पती कुजते, फारच कमी ठेवले तर गवत माजते. श्रावण-भाद्रपदात नदीच्या पाण्याबरोबर मासळीची पिल्ले आत येतात, त्यांवर करकोचे आणि पाणकावळे आपली पोरे वाढवतात. हिवाळ्यात उथळ पाण्यात शेवाळ, गवतांचे बी, देवभात, कंद, किडे हे बदकांचे अन्न. उन्हाळ्यात पाणी आटते, जमिनीला भेगा पडतात, बी रुजते, आणि पुढच्या पावसाची तयारी होते. अमेरिकेत हेच काम शिकारी मंडळी आजही मोठ्या प्रमाणावर करतात. उन्हाळ्यात तळ कोरडा करून त्यात बाजरीसारखी धान्ये लावायची आणि पक्षी यायच्या वेळी उभ्या पिकात वीतभर पाणी सोडायचे. १९३४ सालापासून तिथे बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशांतून पाणथळी राखल्या जातात. दाणा विखरून त्यावर आलेली बदके मारणे मात्र तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे धरणाचे पाणी मागे सरले, की उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. त्या हरभऱ्या-गव्हावर क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हा कोणी ते त्यांच्यासाठी पेरलेले नसते. शेतकरी हाकारे देतो, पक्षी उठतात आणि पलीकडे बसतात.

भरतपूरला पक्ष्यांसाठी अशी पंगत मांडली जाई ती बंदुकीपुढे. देवळाजवळच्या शिलालेखांवर कोणत्या लाटसाहेबाने कोणत्या तारखेला किती पक्षी पाडले, याचे आकडे कोरलेले आहेत. सर्वांत मोठा आकडा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीचा आहे. एका दिवसात ४,२७३ पक्षी. तारीख १२ नोव्हेंबर १९३८. त्या दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली.

स्वातंत्र्य आले, संस्थाने गेली, आणि भरतपूरच्या शेतकऱ्यांनी रास्त प्रश्न केला. राजाची चैन संपली, आता हे पाणी आणि ही जमीन आम्हांला का नको? तळे रिकामे करून शेती करण्याची मागणी जोर धरू लागली. त्या वेळी अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन घना वाचवला. महाराजांचा शिकारीचा हक्क राहिला, पण पाणी राहिले. १९५६ साली अभयारण्य झाले. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही संपली. इथे अलींची दृष्टी ध्यानात घेण्यासारखी आहे. बंदूक थांबावी म्हणून त्यांनी तळ्यावर पाणी सोडले नाही. आधी पाणी राखले, बंदुकीचे पुढे पाहिले.

याच घनात त्यांनी आणखी एक काम उभे केले. १९६०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतरी पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम हाती घेतली. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू येतात का, हे संघटनेला पाहायचे होते. पक्षी येतात कुठून, हे अलींना पाहायचे होते. पण हजारो पक्षी इजा न करता धरायचे कोणी? त्यासाठी बिहारमधले मीरशिकार बोलावले. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही जमात. जाळे, फास, चिकटा आणि पक्ष्याची हुबेहूब शीळ, एवढ्या भांडवलावर जगणारी. काल बाजारासाठी धरलेला पक्षी आज ते कडे घालून सोडू लागले. पायातल्या त्या हलक्या कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची विनंती. काही महिन्यांनी मध्य आशियातून, सैबेरियातून पत्रे येऊ लागली. तिकडच्या शिकाऱ्याने बदक मारले, पायात कडे सापडले, त्याने कळवले. हिमालयापलीकडचा तो प्रवास आपल्याला कळला तो दोन टोकांच्या शिकाऱ्यांमुळे. एकाने धरून सोडले, दुसऱ्याने मारून कळवले, आणि मुंबईत बसून एकाने दोन्ही नोंदी जुळवल्या.

साठी-सत्तरीत माणसे पेन्शनीवर येतात. अलींची मोठी कामे त्यानंतरची. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेला भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीत होते. तोवर पद्मभूषण मिळाले होते, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. गेटी पारितोषिकाची पन्नास हजार डॉलरची रक्कम त्यांनी पक्षीसंरक्षणाच्या निधीला दिली. तरुणपणी मोटारसायकलीचे वेड होते ते उतारवयापर्यंत टिकले. १९५० साली स्वीडनमधल्या पक्षीशास्त्र परिषदेला हा त्रेपन्न वर्षांचा विद्वान आपल्या सनबीम मोटारसायकलवरून गेला, तेव्हा जमलेली मंडळी चकित झाली होती. स्वभाव काटेकोर, वेळेचा पक्का, सहायकांच्या चुका खपवून न घेणारा. तळावर घोरणारा माणूस त्यांना मुळीच चालत नसे, असे त्यांच्या बरोबरची माणसे सांगत.

आता खर्चाची ती नोंद. घनाच्या भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या आत चरत. पक्षीप्रेमींना ते खुपे. म्हशी गवत फस्त करतात, पाणी ढवळतात, घरट्यांना त्रास होतो, असे त्यांचे मत होते. अलींचेही तेच मत होते आणि त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते. राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेबरोबर चराई बंद करण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबर १९८२मध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला, काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्षी वाचवण्याच्या कामात आता माणसांचे रक्त सांडले होते.

ही चराईबंदी लाभली का? याचे उत्तर अलींच्याच संस्थेने शोधले. १९८०पासून सोसायटीचा घनाच्या पाण्याचा, वनस्पतींचा आणि पक्ष्यांचा सविस्तर अभ्यास सुरू होता. ती कल्पना अलींची आणि तिच्या प्रमुखपदीही तेच होते. तरुण शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे चिखलात उतरून मोजत राहिले. बंदीनंतर काही वर्षांत आकडे बोलू लागले. म्हशी नाहीत म्हणून एका जातीचे पाणगवत बेफाम वाढले. मोकळे पाणी आक्रसले, मासळी घटली, बदकांना उतरायला जागा उरेना. म्हैस ही तळ्याची शत्रू नव्हती. बिनपगारी मजूर होती. दीर्घ अभ्यासाचा अहवाल १९९१ साली आला, तोवर अलींना जाऊन चार वर्षे झाली होती. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. ज्या सैबेरियन क्रौंचांसाठी भरतपूर जगभर ओळखले जाई, ते २००२नंतर तिथे आलेच नाहीत. त्याची कारणे मात्र एका तळ्यात मावणारी नाहीत. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरच्या शिकारीनेही त्यांचा घात केला.

या नोंदीने अलींचे मोठेपण कमी होते का? मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने संस्थेला मोजायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने त्याचा अंदाज खोडून काढला. मोठ्या माणसाच्या मताला मान तुकवणे आपल्याकडे फार सोपे असते, त्याच्या मागे त्याचे मत तपासून पाहणे अवघड. सोसायटीने ते केले. आणि गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांना त्या अहवालाने काय मिळाले, हा प्रश्नही तिथेच उरतो. शास्त्राचे उत्तर दहा वर्षांनी आले तरी चालते, माणसाच्या पोटाला दहा वर्षे थांबता येत नाही. गावकऱ्यांना त्या तळ्याची अक्कल पिढीजात होती. त्यांना आधी विचारले असते तर?

१९८५ साली अली राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले, त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले आणि भरतपूर जागतिक वारशाच्या यादीत गेले. २० जून १९८७ रोजी कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले. नव्वदी उलटली होती. गोदावरीकाठचे नांदूर मधमेश्वर त्याच्या एकच वर्ष आधी, १९८६ साली, अभयारण्य म्हणून जाहीर झाले होते.

उपमा खरी मानायची, तर ती पुरतीच मानली पाहिजे. नांदूरचे पाणी आजही कालव्यांचे आहे. ते किती भरायचे आणि केव्हा सोडायचे, हे पाटबंधाऱ्याच्या पाळीवर ठरते, बदकांच्या सोयीवर नाही. वरच्या अंगाने नाशिक शहराचे सांडपाणी येते, पाणवेली येतात. भोवतालच्या बागांत औषधांच्या फवारण्या होतात. गाळ तर वाढतोच आहे. तो सगळा काढला तर उथळ पंगत उठेल, मुळीच न काढला तर तळे जमीन होऊन जाईल. कुठे, किती काढायचा, कोणते गवत कापायचे, कोणाची गुरे कधी आत सोडायची, हे एका हुकमाने ठरण्याजोगे नाही. त्यासाठी चापडगाव-मांजरगावच्या माणसांना बरोबर घेऊन, दरवर्षी मोजून, वही लिहून ठरवावे लागेल. या गावांतले तरुण आता पाहुण्यांना दुर्बिणीतून पक्षी दाखवतात, इंग्रजी-मराठी दोन्ही नावे सांगतात. भरतपूरच्या मीरशिकारांसारखीच त्यांची नजरही शिकवून येणारी नाही, काठावर वाढल्याने आलेली आहे.

महाराष्ट्रात २०२० सालापासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. सुरुवात अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाने आणि शेवट सलीम अलींच्या. त्या आठवड्यात मुलांना घेऊन नांदूरला जाणारे पुष्कळ असतात. मुलांच्या हाती दुर्बीण द्यावी, आणि एक साधी चाळीस पानी वहीही द्यावी. आज कोणते पक्षी दिसले, किती दिसले, पाणी कुठवर होते, काठावर गुरे होती की नव्हती, एवढे लिहायला सांगावे. भरतपूरच्या दगडावर १२ नोव्हेंबरच्या नावे ४,२७३चा आकडा कायमचा कोरलेला आहे. आपल्या वहीतला आकडा दरसाल नव्याने लिहावा लागेल.